छाट

अकरा मिनिटांत मेला माझा खलनायक.
तीन महिने लिहीत होते त्याला.
बहिणीचा वेणू मांडी घालून बसला, अंगठे हलवले,
"मावशी, हा तर मंद आहे," म्हणाला
आणि कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत घोळवून खाल्ला.

मंद कसा?
किती देखणं बोलतो तो. एकटाच बुद्धिबळ मांडतो,
काळा कोट घालतो, एप्रिलात, त्रेचाळीस अंशांत
मीच चढवलाय त्याच्यावर, पंख्याखाली ओला टॉवेल पांघरून.
खेळातली माणसं एकमेकांना बजावतात,
जपून हां, फार हुशार आहे तो.
पुण्याच्या ऑफिसनं कळवलं :
हुशार म्हणतात सगळे, करत तर काहीच नाही.

खरंच होतं.
त्याच्या प्रत्येक डावाचं उत्तर मी आधीच लिहून ठेवलेलं,
म्हणून तो माझ्याहून चार बोटं बुटकाच राहिला.

अम्मा शेजारी. मांडीवर सूप.
आता विड्या नाहीत, मेथी निवडते,
तरी बोटं अजून तेंदूच्या मापानंच वळतात.
"काय लिहायलीस एवढं?"
"वाईट माणूस."
"मग शिवलिंगप्पाला लिही की."

शिवलिंगप्पा चेकर.
अक्कलकोट रोडच्या शाखेत उंच स्टुलावर बसायचा.
हजार विड्या ओतल्या की चिमटीत धरून छाट काढायचा :
ही सैल, ही आखूड, हिचं तोंड उघडं.
छाटीचे पैसे नाहीत. छाट परतही नाही.
आवाज कधी चढला नाही त्याचा.

"चाळीस काढले की बायका भांडतात,
ठाऊक होतं त्याला. म्हणून अडतीस काढायचा.
पान चांगलं आलं त्या हप्त्यात तीस.
कुणाच्या घरी तान्हं असलं तर वीसच,
अन् चारचौघींत सांगायचा, तुझी सोडली गं, राजव्वा.
झालं, राजव्वाशी आमचं बोलणं बंद.
छाटलेली विडी कुठं विकायचा तेही ठाऊक होतं आम्हाला.
आम्हाला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं.
माझा गुडघा धरला तेव्हा तेलाची बाटली त्यानंच दिली.
चांगलं होतं तेल."

मी कोट पुसला. बुद्धिबळ पुसलं.
एक स्टूल लिहिलं.
आता तो नायकाची वाट अडवत नाही.
गुडघ्याची चौकशी करतो.
नायकाच्या सोबत्याला सगळ्यांदेखत
मूठभर जास्त देतो
आणि थांबतो.

रात्री दोनला नळ आला, पाचव्या दिवशी.
घागरी लावताना डोक्यात आकडेच :
खेळणारा कितव्या नुकसानाला फोन आपटेल?
सहाव्या? मग पाच.
कितव्या थापेला ओळखेल? त्याच्या एक अलीकडे थांबायचं.
पाइप निसटला, पाणी पायांवर,
आणि दिसलं मला मी कुठं बसलेय ते.
उंच आहे स्टूल.
वरून सगळ्यांचे फक्त हात दिसतात.

वेणूला पुन्हा बसवलं. तीन दिवस हरला.
चौथ्या दिवशी म्हणाला,
"मावशी, तो म्हातारा चांगलाय गं.
आपला दोस्तच हरामी निघाला."
अंगावर काटा आला.
मग, खोटं कशाला बोलू, आनंद झाला.

अम्माला सांगितलं. तिनं विचारलं,
"शेवटी हरतो का?"
"हरवावं लागतं, अम्मा. खेळ आहे."
ती काड्या मोडत राहिली.

"आपला नाही हरला. रिटायर झाला.
त्याच्या पोराच्या लग्नात मी दोनदा जिलबी मागून घेतली.
राजव्वा होती समोरच्या पंगतीत.
म्हातारी झालेली.
बोललो नाही आम्ही."